इस्रायलची सुरक्षा, राजनय आणि पॅलेस्टिनी प्रश्न: ओस्लो करारांपासून आजपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांच्याविषयी काही प्रश्न वाचकांकडून वर्षानुवर्षे येत राहिले आहेत. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर (प्रश्न ५) त्यांची संख्या वाढली आणि त्यांचा रोखही बदलला. पूर्वी लोक ‘हा वाद आहे तरी काय’ असे विचारत, आता ‘यातून वाट निघणार कशी’ असे विचारतात. त्यांतले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. भर मुद्दाम वेस्ट बँकवर, म्हणजे इस्रायलने १९६७ मध्ये घेतलेल्या, जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या पॅलेस्टिनी प्रदेशावर ठेवला आहे. बातम्यांत गाझा अधिक दिसतो, पण इस्रायलची सुरक्षाव्यवस्था आणि तिचा राजनय एकमेकांत किती गुंतले आहेत, हे रोजच्या जगण्यात दिसते ते वेस्ट बँकेत.

१. ओस्लो करार म्हणजे नेमके काय? तो एकच करार आहे की अनेक?

ती करारांची मालिका आहे. सप्टेंबर १९९३ मध्ये इस्रायल आणि पीएलओ (पॅलेस्टाइन मुक्ती संघटना) यांच्यात आधी पत्रांची देवाणघेवाण झाली. पीएलओने इस्रायलचा अस्तित्वाचा हक्क मान्य केला, आणि इस्रायलने पीएलओला पॅलेस्टिनी जनतेचा प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. ही देवाणघेवाण समसमान नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे: एका बाजूने राज्य मान्य केले, दुसऱ्या बाजूने संघटना मान्य केली. त्यानंतर १३ सप्टेंबर १९९३ रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर तत्त्वांच्या घोषणापत्रावर सह्या झाल्या आणि इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन व पीएलओचे प्रमुख यासर अराफत यांनी हस्तांदोलन केले. मे १९९४ मध्ये गाझा आणि जेरिको यांच्यापुरता करार झाला, आणि २८ सप्टेंबर १९९५ रोजी ‘ओस्लो दोन’ या नावाने ओळखला जाणारा सविस्तर अंतरिम करार झाला. आजची वेस्ट बँकेची प्रशासकीय रचना या शेवटच्या करारावर उभी आहे.

या कोणत्याही करारात पॅलेस्टिनी राज्याचे वचन नाही. पाच वर्षांची अंतरिम स्वायत्तता द्यायची, आणि जेरुसलेम, निर्वासित, वसाहती (व्याप्त प्रदेशातल्या इस्रायली वस्त्या), सीमा व सुरक्षेची कायमची व्यवस्था हे अवघड विषय नंतरच्या वाटाघाटींवर सोपवायचे, अशी ती योजना होती. आधी विश्वास जमवू, मग कठीण गाठी सोडवू, हा विचार मला आजही अप्रामाणिक वाटत नाही. पण ‘ओस्लो दोन’नंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, ४ नोव्हेंबर १९९५ रोजी, तेल अवीवमधील शांतता मेळाव्यानंतर एका ज्यू अतिरेक्याने राबिन यांची हत्या केली, आणि विश्वास जमवण्याचे काम ज्यांच्या शब्दावर चालणार होते त्यांतला एकजण गेला.

२. ए, बी आणि सी क्षेत्रे म्हणजे काय?

‘ओस्लो दोन’ने वेस्ट बँकेचे तीन प्रकारचे भाग केले. ए क्षेत्रात नागरी कारभार आणि अंतर्गत सुरक्षा दोन्ही पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे, म्हणजे ओस्लो करारांतून उभ्या राहिलेल्या पॅलेस्टिनी अंतरिम सरकारकडे आहेत. रामल्ला, नाब्लुस, जेनिन, बेथलेहेम ही शहरे त्यात येतात. बी क्षेत्रात नागरी कारभार पॅलेस्टिनींकडे, पण सुरक्षेचा अंतिम अधिकार इस्रायलकडे आहे. सी क्षेत्रात दोन्ही अधिकार इस्रायलकडे आहेत आणि हेब्रॉन शहरातली वस्ती (प्रश्न ११) सोडली तर जवळजवळ सर्व इस्रायली वसाहती याच क्षेत्रात आहेत. ढोबळ प्रमाण ए १८ टक्के, बी २२ टक्के आणि सी ६० टक्के असे आहे. पूर्व जेरुसलेम या हिशेबात धरलेले नाही (त्यासाठी प्रश्न १२ पाहावा).

टक्केवारीपेक्षा नकाशा अधिक बोलका आहे. सी क्षेत्र सलग आहे, तर ए आणि बी क्षेत्रे त्यात बेटांसारखी विखुरलेली आहेत. एखाद्या गावातले घर बी क्षेत्रात आणि त्याच घराचे जैतुनाचे शेत सी क्षेत्रात असणे ही तिथे सर्रास आढळणारी गोष्ट आहे. त्या शेतात पाण्याची टाकी बांधायची तर इस्रायली लष्कराच्या अखत्यारीतील नागरी प्रशासनाची परवानगी लागते, आणि असे बहुतेक अर्ज फेटाळले जातात. ए क्षेत्राकडे वळणाऱ्या रस्त्यांवर मोठे लाल फलक उभे आहेत. त्यांवर हिब्रू, अरबी आणि इंग्रजीत लिहिलेले असते की पुढे ए क्षेत्र आहे, इस्रायली नागरिकांना प्रवेशास मनाई आहे, तेथे जाणे जिवाला धोकादायक आणि इस्रायली कायद्याविरुद्ध आहे.

३. अंतरिम काळ पाच वर्षांचा होता, मग ही व्यवस्था अजून चालू कशी?

अंतरिम काळ ४ मे १९९९ रोजी संपायचा होता. जुलै २००० मधील कॅम्प डेव्हिडची शिखर परिषद आणि जानेवारी २००१ मधील ताबा येथील बोलणी कराराशिवाय संपली. २००८ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान एहूद ओल्मर्ट यांनी पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे अध्यक्ष महमूद अब्बास यांच्यासमोर सविस्तर प्रस्ताव ठेवला, पण त्याचाही करार झाला नाही. जुन्या व्यवस्थेची जागा घेणारे दुसरे काही लिहिले न गेल्याने जुनीच चालू राहिली. कोणत्याही बाजूने ती औपचारिकपणे रद्द केलेली नाही, कारण ती रद्द केली तर शाळा, दवाखाने, पोलीस आणि कर यांचा भार नेमका कोणावर येईल, या प्रश्नाला दोघांकडेही उत्तर नाही. माझ्या मते या प्रश्नाचे दुखणे येथेच आहे. मुदतीची रेघ पुसली गेली आणि तात्पुरत्या नकाशावर लोकांच्या दोन पिढ्या वाढल्या.

४. इस्रायल प्रत्येक वेळी सुरक्षेचे कारण पुढे करते. ते खरे कारण असते की निमित्त?

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देणारा माणूस अर्धेच सांगत असतो. भूगोल खरा आहे: नेतान्याच्या आसपास वेस्ट बँकेची सीमा आणि भूमध्य समुद्र यांत सुमारे १५ किलोमीटरच अंतर आहे, आणि वेस्ट बँकेच्या डोंगररांगांवरून इस्रायलची सर्वांत दाट वस्तीची किनारपट्टी नजरेच्या टप्प्यात येते. भीतीही खरी आहे. २००० ते २००५ या दुसऱ्या इंतिफादाच्या (पॅलेस्टिनी उठावाच्या) काळात बसगाड्या, कॅफे आणि बाजार यांत आत्मघाती स्फोट होत राहिले. त्या वर्षांत सुमारे १,००० इस्रायली आणि सुमारे ३,००० पॅलेस्टिनी मारले गेले.

त्यातला मार्च २००२ चा शेवटचा आठवडा मला फार महत्त्वाचा वाटतो. २७ मार्चच्या संध्याकाळी नेतान्यातील पार्क हॉटेलमध्ये वल्हांडण सणाच्या भोजनासाठी कुटुंबे जमली असताना हमास या पॅलेस्टिनी इस्लामी सशस्त्र संघटनेच्या आत्मघाती हल्लेखोराने स्फोट घडवला आणि ३० जण मारले गेले. त्याच वेळी बैरुतमध्ये अरब लीगची शिखर परिषद भरली होती, आणि दुसऱ्याच दिवशी तिने सौदी अरेबियाने मांडलेला अरब शांतता प्रस्ताव स्वीकारला: इस्रायलने १९६७ मध्ये घेतलेल्या प्रदेशातून माघार घ्यावी, पॅलेस्टिनी राज्य व्हावे आणि निर्वासितांच्या प्रश्नावर न्याय्य तोडगा निघावा, त्या बदल्यात अरब देश इस्रायलशी सामान्य संबंध ठेवतील. अराफत त्या परिषदेला नव्हते, ते रामल्लात अडकून पडले होते. २९ मार्चला इस्रायली लष्कर ए क्षेत्रातील शहरांत शिरले आणि अराफत यांच्या मुख्यालयाला वेढा पडला. तीन दिवसांत स्फोट, प्रस्ताव आणि रणगाडे एकापाठोपाठ आले, आणि प्रस्तावाकडे लक्ष द्यायला कोणालाच उसंत मिळाली नाही.

म्हणून सुरक्षेचे कारण खोटे आहे असे म्हणता येत नाही. पण सुरक्षेसाठी उचललेले प्रत्येक पाऊल सुरक्षेपुरतेच राहते, असेही म्हणता येत नाही. लष्करी तपासणी नाका, रस्ता किंवा वसाहत उभी राहिली की ती नकाशाचा भाग होते, आणि पुढच्या वाटाघाटींत तिची गणना वस्तुस्थिती म्हणून होते. भिंतीचे उदाहरण पुढील प्रश्नात आहे.

५. भिंतीमुळे हल्ले थांबले, हे खरे आहे का?

वेस्ट बँकेभोवतीच्या अडसराचे काम २००२ मध्ये सुरू झाले. नियोजित लांबी सुमारे ७०० किलोमीटर आहे. त्यातला बराचसा भाग कुंपण, खंदक आणि गस्तीचा रस्ता असा आहे, आणि शहरांजवळ काँक्रीटची उंच भिंत आहे. त्यानंतरच्या वर्षांत आत्मघाती हल्ले झपाट्याने कमी झाले, ही वस्तुस्थिती आहे. मात्र अडसर आजही पूर्ण झालेला नाही, आणि त्याच काळात लष्करी कारवाया, गुप्तवार्ता आणि पॅलेस्टिनी सुरक्षा दलांशी समन्वय (प्रश्न ६) हेही वाढले होते. त्यामुळे सगळे श्रेय भिंतीला देता येत नाही.

वाद तिच्या असण्याइतकाच तिच्या मार्गाचा आहे. नियोजित मार्गाचा सुमारे ८५ टक्के भाग १९६७ पूर्वीच्या रेषेवर नसून वेस्ट बँकेच्या आत आहे. ३० जून २००४ रोजी इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने बेत सूरिक गावाच्या खटल्यात मार्गाचा काही भाग बदलायला लावला, कारण शेतकऱ्यांचे होणारे नुकसान सुरक्षेच्या लाभाच्या तुलनेत फार होते. त्यानंतर काही दिवसांतच, ९ जुलैला, हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने व्याप्त प्रदेशातील भिंत बेकायदेशीर असल्याचे सल्लागारी मत दिले. इस्रायलने ते मानले नाही.

गाझाभोवती ६५ किलोमीटरचा, जमिनीखालीही जाणारा आणि संवेदकांनी सज्ज असा अडसर डिसेंबर २०२१ मध्ये पूर्ण झाला होता. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने तो अनेक ठिकाणी फोडला. सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस म्हणून नेले गेले.

६. पॅलेस्टिनी पोलीस इस्रायलच्या सुरक्षा दलांना सहकार्य का करतात?

कारण ‘ओस्लो दोन’ने तशी जबाबदारी घातली आहे, आणि कारण हमास हा दोघांचाही विरोधक आहे. जिल्हावार समन्वय कार्यालये आहेत. वाट चुकून एखादा इस्रायली नागरिक रामल्लात शिरला, तर पॅलेस्टिनी पोलीस त्याला सुखरूप बाहेर काढून इस्रायलच्या ताब्यात देतात. इस्रायली लष्कर रात्री ए क्षेत्रात शिरणार असेल, तर पॅलेस्टिनी दलांना ठाण्यातच थांबायला कळवले जाते.

या दुसऱ्या प्रसंगात प्राधिकरणाची किती नाचक्की होते, हे सांगायला नको. अब्बास यांनी २०१४ मध्ये या समन्वयाला पवित्र म्हटले होते. मे २०२० मध्ये त्यांनी तो थांबवला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू केला. जानेवारी २०२३ मध्ये जेनिनमधील इस्रायली कारवाईनंतर तो पुन्हा स्थगित झाल्याचे जाहीर झाले. लोकांना यातून राजकीय भविष्य दिसत होते तोवर हे सहकार्य राज्य उभारणीचा भाग वाटत होते. ती आशा गेल्यावर तेच सहकार्य लोकांना चाकरी वाटू लागले. त्यात भर म्हणजे, अब्बास २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले आणि त्यानंतर अध्यक्षपदाची निवडणूक झालेली नाही.

७. पॅलेस्टिनींचा कर इस्रायल का गोळा करते?

एप्रिल १९९४ च्या पॅरिस प्रोटोकॉलमुळे. पॅलेस्टिनी भागात येणारा माल इस्रायली बंदरांतून किंवा नाक्यांतून येतो. त्यावरील सीमाशुल्क व मूल्यवर्धित कर इस्रायलने वसूल करावा आणि ३ टक्के शुल्क कापून प्राधिकरणाला द्यावा, असे त्यात ठरले. ही रक्कम प्राधिकरणाच्या महसुलाचा साधारण दोन तृतीयांश भाग आहे. कैद्यांच्या व मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांना दिल्या जाणाऱ्या भत्त्यांइतकी रक्कम कापण्याचा कायदा इस्रायलने २०१८ मध्ये केला, आणि ऑक्टोबर २०२३ नंतर कपात आणखी वाढली. परिणामी शिक्षक, परिचारिका आणि प्रश्न ६ मधले तेच पोलीस यांना अर्धामुर्धा पगार मिळतो. ज्या दलावर सुरक्षेचा एक टेकू आहे त्याच्याच पगाराला कात्री लावणे हे मला इस्रायलच्या स्वतःच्या हिताविरुद्धही वाटते.

८. इस्रायल २००५ मध्ये गाझातून बाहेर पडले होते. मग गाझा व्याप्त कसा?

२००५ मध्ये गाझातील सर्व २१ वसाहती हटवल्या गेल्या आणि सप्टेंबरमध्ये लष्कर बाहेर पडले. आता ताबा नाही म्हणून व्याप्तीही नाही, ही इस्रायलची भूमिका आहे. आकाश, समुद्र, बहुतेक नाके आणि लोकसंख्येची नोंदवही इस्रायलच्या हाती राहिली, त्यामुळे व्याप्ती संपली नाही, हे संयुक्त राष्ट्रांचे म्हणणे आहे. जुलै २०२४ च्या सल्लागारी मतात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने इस्रायलचे नियंत्रण ज्या प्रमाणात उरले आहे त्या प्रमाणात त्याची जबाबदारीही उरते, असे म्हटले.

ही माघार वाटाघाटींतून झाली नाही, एकतर्फी झाली, हा मुद्दा कायदेशीर वादापेक्षा कमी महत्त्वाचा नाही. तिचे श्रेय अब्बास यांच्या पदरात पडले नाही. जानेवारी २००६ च्या निवडणुकीत हमासने १३२ पैकी ७४ जागा जिंकल्या आणि जून २००७ मध्ये गाझाचा ताबा घेतला. इस्रायलने, आणि आपल्या बाजूने इजिप्तनेही, नाके आवळले.

९. दहशतवाद्यांशी बोलणी नाहीत, असे इस्रायल म्हणते. मग कैद्यांची अदलाबदल कशी होते?

ती मध्यस्थांमार्फत होते. २००६ मध्ये पकडलेला इस्रायली सैनिक गिलाद शालित ऑक्टोबर २०११ मध्ये १,०२७ कैद्यांच्या बदल्यात सुटला. त्या कैद्यांत याह्या सिनवार होता, जो पुढे ७ ऑक्टोबरच्या हल्ल्याचा सूत्रधार ठरला. इस्रायलमध्ये अशा प्रत्येक करारावर घराघरांत वाद होतो, कारण बहुतेकांच्या घरातले कोणीतरी लष्करात असते आणि आपल्या माणसाला मागे सोडायचे नाही हे तत्त्व तिथे मनापासून मानले जाते.

२०२३ नंतर कतार, इजिप्त आणि अमेरिका हे मध्यस्थ होते. नोव्हेंबर २०२३ च्या आठवडाभराच्या विरामात १०५ ओलीस सुटले. जानेवारी २०२५ ची शस्त्रसंधी मार्चमध्ये मोडली. १० ऑक्टोबर २०२५ पासून नवी शस्त्रसंधी लागू झाली आणि १३ ऑक्टोबरला जिवंत असलेले शेवटचे २० ओलीस परतले. त्या बदल्यात सुमारे २५० शिक्षा झालेले कैदी आणि गाझातून पकडलेले सुमारे १,७०० जण सोडण्यात आले. लष्करी मोहिमांतून जिवंत सोडवलेल्या ओलिसांची संख्या ८ होती. तोपर्यंत गाझात, तेथील आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीनुसार, ६७,००० हून अधिक लोक मारले गेले होते.

१०. वसाहती बेकायदेशीर आहेत का? आणि ‘अनधिकृत चौकी’ म्हणजे काय?

चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम ४९ नुसार व्यापणाऱ्या सत्तेने आपली लोकसंख्या व्याप्त प्रदेशात हलवू नये. डिसेंबर २०१६ चा सुरक्षा परिषदेचा ठराव २३३४ आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे २०२४ चे सल्लागारी मत या आधारे वसाहती बेकायदेशीर ठरवतात. हा प्रदेश कोणा सार्वभौम राज्याकडून घेतलेला नसून वादग्रस्त आहे, असा इस्रायलचा युक्तिवाद आहे. अनधिकृत चौक्या, म्हणजे वसाहतकऱ्यांच्या छोट्या वस्त्या, सरकारी परवानगीशिवाय उभारलेल्या असल्याने इस्रायली कायद्यानेही बेकायदेशीर असतात, मात्र त्यांतल्या अनेक नंतर नियमित केल्या जातात.

पूर्व जेरुसलेम वगळता वेस्ट बँकेत सुमारे पाच लाख वसाहतकरी राहतात. एकाच रस्त्यावर एकाच गुन्ह्यासाठी पकडलेल्या दोघांपैकी वसाहतकऱ्यावर इस्रायलच्या नागरी न्यायालयात आणि पॅलेस्टिनीवर लष्करी न्यायालयात खटला चालतो. या प्रश्नातील इतर बाबींवर दोन बाजू मांडता येतात, पण या दुहेरी न्यायाचे समर्थन मला करता येत नाही.

११. हेब्रॉनला ए, बी, सी हे नियम लागू नाहीत का?

शहराला लागू नाहीत. जानेवारी १९९७ च्या स्वतंत्र करारानुसार हेब्रॉनचे दोन भाग झाले. सुमारे ८० टक्के भाग, म्हणजे एच-१, पॅलेस्टिनींकडे गेला आणि सुमारे २० टक्के, म्हणजे एच-२, इस्रायली लष्कराकडे राहिला. ज्यू वसाहतकऱ्यांची छोटी वस्ती एच-२ मध्येच आहे. एकेकाळी गजबजलेल्या शुहादा रस्त्यावर आज दुकानांची हिरवी दारे बंद आहेत, आणि काही घरांची रस्त्याकडची दारे वेल्डिंग करून कायमची लावून टाकलेली आहेत. तिथले रहिवासी मागच्या वाटेने ये-जा करतात.

अब्राहमादी पूर्वजांच्या कबरीची वास्तू ज्यू आणि मुसलमान दोघांनाही पवित्र आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये एका ज्यू वसाहतकऱ्याने तेथे नमाजात असलेल्या २९ मुसलमानांना ठार केले. त्यानंतर वास्तूची विभागणी झाली. वर्षातले दहा दिवस ती पूर्णपणे ज्यूंसाठी आणि दहा दिवस पूर्णपणे मुसलमानांसाठी असते.

१२. पूर्व जेरुसलेममधील पॅलेस्टिनी इस्रायलचे नागरिक आहेत का?

बहुतेक नाहीत. १९६७ नंतर इस्रायलने तेथे आपला कायदा लागू केला आणि त्यांना कायम रहिवासी ठरवले. त्यांच्याकडे निळे ओळखपत्र असते, वेस्ट बँकेतील पॅलेस्टिनींकडे हिरवे. ते महापालिकेसाठी मतदान करू शकतात, संसदेसाठी नाही. जगण्याचे केंद्र शहराबाहेर गेले असे ठरले तर हा दर्जा काढून घेता येतो. १९६७ पासून १४,००० हून अधिक जणांचा असा दर्जा गेला आहे. अल अक्सा मशिदीच्या आवाराचा कारभार जॉर्डनच्या वक्फ मंडळाकडे आहे. १९९४ च्या शांतता करारात इस्रायलने जॉर्डनच्या या विशेष भूमिकेची दखल घेतली आहे, त्यामुळे त्या आवारातील प्रत्येक घटना इस्रायल-जॉर्डन संबंधांचा विषय होते.

१३. भारताची भूमिका बदलली आहे का?

भर बदलला आहे, मूळ भूमिका टिकून आहे. भारताने १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत दिले, १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्रायलला मान्यता दिली, पण पूर्ण राजनैतिक संबंध २९ जानेवारी १९९२ रोजी सुरू केले. मधल्या काळात इस्रायलचे वाणिज्य दूतावास कार्यालय होते ते मुंबईत, १९५३ पासून. पॅलेस्टिनी राज्याला भारताने १९८८ मध्ये मान्यता दिली. पंतप्रधान नरेंद्र मोदी २०१७ मध्ये इस्रायलला आणि २०१८ मध्ये रामल्लाला गेले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गाझा युद्धाविषयीच्या ठरावांवर भारत ऑक्टोबर २०२३ मध्ये तटस्थ राहिला, डिसेंबर २०२३ मध्ये त्याने युद्धविरामाच्या बाजूने मत दिले, जून २०२५ मध्ये तो पुन्हा तटस्थ राहिला, आणि १२ सप्टेंबर २०२५ रोजी द्विराष्ट्र तोडग्याच्या न्यूयॉर्क घोषणापत्राला त्याने पाठिंबा दिला.

१४. आम्ही वसईहून तीर्थयात्रेला जाणार आहोत. इस्रायली व्हिसावर बेथलेहेमला जाता येते का? आमच्या ओळखीचे बेने इस्रायली कुटुंब सोबत येऊ शकेल का?

असाच प्रश्न गोव्याहूनही येतो. बेथलेहेम ए क्षेत्रात आहे, पण लाल फलकावरची मनाई (प्रश्न २) इस्रायली नागरिकांना आहे. भारतीय पासपोर्टवर इस्रायली व्हिसा असलेला यात्रेकरू नाका ओलांडून जाऊ शकतो. परत येताना तपासणी होते, म्हणून पासपोर्ट आणि प्रवेशाच्या वेळी मिळालेली चिठ्ठी जवळ ठेवावी. नाके कधीही बंद होऊ शकतात, त्यामुळे निघण्यापूर्वी भारत सरकारची प्रवाससूचना वाचावी.

अलिबाग-पेणकडून गेलेली आणि दिमोना किंवा अश्दोदमध्ये स्थायिक झालेली बेने इस्रायली (कोकणातले मराठी ज्यू) मंडळी इस्रायलचे नागरिक असल्याने त्यांना ही मनाई लागू होते. इस्रायलच्या अरब नागरिकांना व्यवहारात बहुधा अडवले जात नाही, पण तो नियमातील हक्क नाही. मराठीत गप्पा मारत जेरुसलेमहून निघालेले हे दोन्ही गट बेथलेहेमच्या उत्तर टोकाशी असलेल्या राहेलच्या कबरीपर्यंत एकत्र जाऊ शकतात, कारण ती कबर भिंतीच्या इस्रायली बाजूला घेतलेली आहे. तेथून येशूच्या जन्मस्थानाचे चर्च जेमतेम दोन-अडीच किलोमीटरवर आहे, आणि तेवढे अंतर वसईकरांना एकट्याने जावे लागते.